शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहावयाचे झाले तर आपल्याकडची बाई काय करते? पळीच्या टोकावर दोन-चार शिते घेते, त्यांतले एक बोटांत धरून चेपते आणि पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवते. पातेल्यातले शीत न् शीत चेपून पाहण्याचा उद्योग आजवर कोणत्याही शहाण्या बाईने केलेला नाही. केला असता तर भात शिजल्याचे तिला कळले असते खरे, पण पानात वाढावयास भात उरला नसता. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या हल्लीच्या मुलींनाही ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. ती समजावून सांगण्याची पाळी येते ती सरकारी शाळांचा कारभार हाकणाऱ्या विद्वान मंडळींना. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटापुढे मी हा कडू विषय काढते आहे याचा वाचकांनी राग मानू नये. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा आणि मगच फराळाला बसावयाचे, ही कोकणातली रीत आपलीच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून तीस वर्षांवर शिकविले. त्यांतली बहुतेक वर्षे बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोड कामगारांच्या गावी गेली. तेव्हा जे सांगणार आहे ते ओसरीवर बसून ऐकलेले नाही, वर्गात उभे राहून पाहिलेले आहे.

२०२३-२४ या शालेय वर्षापासून आपल्या राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांना 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी' लागू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे 'पॅट' म्हणतात. जागतिक बँकेच्या कर्जाचा आधार असलेल्या 'स्टार्स' नावाच्या प्रकल्पातून ती आली. आरंभी इयत्ता तिसरी ते आठवी असा तिचा पल्ला होता, पुढे इयत्तांत थोडा फरक होत गेला. वर्षाच्या सुरुवातीस पायाभूत चाचणी, सहामाहीच्या सुमारास संकलित एक, वर्षअखेर संकलित दोन. विषय तीन : भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका छापून वरून येते, उत्तरसूचीही वरूनच येते. शिक्षकाने पेपर तपासावयाचे आणि एकेका मुलाचे गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरावयाचे. एवढे केले की राज्यातल्या लाखो मुलांची बुद्धी पुण्याच्या पडद्यावर रंगीत खांबांच्या रूपाने उभी राहते. यात भर पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेची. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

मला परीक्षेचाच तिटकारा आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. परीक्षा घेतल्यावाचून शिकविताच येत नाही. मी रोज परीक्षा घेत असे. कशी, ते सांगते.

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण घातले. एका मुलाने उत्तर लिहिले ३५. दुसऱ्याने लिहिले ७९. तिसरीने लिहिले २४. चौथ्याने लिहिले २५. आता उत्तरसूची हातात घेऊन बसले तर पहिल्या तिघांना शून्य आणि चौथ्याला पैकीच्या पैकी गुण. खरी गोष्ट अशी की पहिल्या मुलाला दशक सुटे करावयाचे ठाऊक नाही. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा करून टाकले. त्याच्या मनात 'लहान आकडा मोठ्यातून काढावयाचा' असा पक्का नियम बसला आहे. त्याला काड्यांचे गठ्ठे देऊन एक गठ्ठा सोडावयास लावले पाहिजे. दुसऱ्याने बेरीज केली आहे, आणि तीही बिनचूक! त्याचे गणित ठीक आहे, चिन्हाकडे नजर नाही. तिसरीला सगळी रीत येते, फक्त बोटांवर मोजताना एक बोट चुकले. तिला सराव हवा, दुसरे काही नको. आणि चौथ्याचे २५ हे उत्तर पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाटीवरचे आहे, हे मला त्याच्या मानेवरून कळले. खरा मागे पडलेला तोच.

या परीक्षेला मला दहा मिनिटे लागली. छपाईचा खर्च नाही, की वेळापत्रक नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना चार निरनिराळी कामे देता आली. हीच परीक्षा पुण्याहून छापून आली की काय होते? तीन शून्ये आणि एक बरोबर, एवढा मजकूर चॅटबॉटात जातो. ३५ हे उत्तर जात नाही. चुकीचे जे खरे मोल असते ते माझ्या टेबलावर राहते आणि शून्य तेवढे राजधानीला जाते. काही आठवड्यांनी ते परत येते 'गणित : इतके टक्के' असे रूप घेऊन. त्या टक्क्यांकडे पाहून मी कोणत्या मुलाला काड्या द्याव्यात आणि कोणाला चिन्ह गिरवावयास लावावे? तोवर वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला असतो.

कोणी म्हणेल, बाई, तुमच्या वर्गाला उपयोग नसेल, पण सरकारला तर राज्याची स्थिती कळते! तेही कळत नाही. का कळत नाही, याची कथा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ती आपल्या जुन्या राज्यकर्त्यांच्या घरचीच आहे.

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने गोरगरिबांच्या शाळांसाठी सुधारित नियमावली आणली. गणित व्यापाऱ्याचे होते. मूल वर्षभर नीट शाळेत आले तर शाळेला आठ शिलिंग. पण निरीक्षक येऊन वाचन, लेखन आणि अंकगणित यांत त्याची परीक्षा घेणार, आणि ज्या विषयात ते नापास होईल त्या विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापून घेणार. निकाल द्या, पैसे घ्या. शाळांनी निकाल दिले! मुले वाचनाचे नेमलेले पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ म्हणू लागली. इतकी पाठ, की पुस्तक उलटे धरले तरी वाचन थांबत नसे. कवी मॅथ्यू अर्नल्ड हे त्या काळी शाळांचे निरीक्षक होते. १८५१ पासून १८८६ पर्यंत त्यांनी हीच नोकरी केली. या पद्धतीने शिकविणे यांत्रिक होते आहे, हे त्यांनी त्याच वर्षी लिहून सांगितले आणि पुढेही आपल्या अहवालांतून सांगत राहिले. सरकारला ते पटावयास पुढची तीसएक वर्षे लागली. १८९० च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. मधल्या काळात वाचन येत नसलेली पण उत्तीर्ण झालेली एक पिढी तयार झाली, त्याचे काय?

आपल्या मुंबई इलाख्यातही त्याच सुमारास खासगी शाळांना निकाल मोजून अनुदान देण्याची चाल पडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले तेव्हा त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि त्या शिक्षणात काय असावे याची यादीही दिली : मोडी-बाळबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती, आरोग्य. ही यादी आज पुन्हा वाचावी. तिच्यातले किती विषय छापील प्रश्नपत्रिकेत मावतात? जे मावत नाहीत ते हळूहळू वेळापत्रकातूनही गळतात. आमच्या शाळेत पॅटच्या आधीचे तीन आठवडे चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासांना गणिताचा सराव होत असे. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. हुकूम काढावा लागत नाही, हीच तर मापाची जादू.

अमेरिकेने हाच प्रयोग आपल्या काळात करून पाहिला. २००२ च्या जानेवारीत तिथे 'एकही मूल मागे राहू नये' अशा गोड नावाचा कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या सरकारी शाळांतल्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची परीक्षा, आणि २०१४ सालापर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण! शंभर टक्के हा आकडा ज्याने घातला त्याने कधी वर्ग घेतला नसावा. ज्या शाळा मागे पडत त्यांच्यावर वर्षागणिक कडक कारवाई होई. परिणाम अटलांटा शहरात दिसला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशीत तिथल्या ४४ शाळांमधले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार करण्यात गुंतल्याचे आढळले. मुले घरी गेल्यावर मास्तरमंडळी रबर घेऊन बसत आणि चुकीच्या खुणा खोडून बरोबर खुणा करीत. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले, आणि त्याच वर्षाअखेर तो कायदाही बदलावा लागला. वार्षिक परीक्षा मात्र नव्या कायद्यातही तशीच राहिली. लक्षात घ्या, खोडारबराने मुले हुशार दिसू लागली, म्हणून ज्यांना खरोखर मदत हवी होती त्यांना ती मिळाली नाही. खोटा आकडा कागदावर राहत नाही, तो मुलाच्या अंगावर येतो.

आपल्याकडे असे नाही, असे म्हणावयाचा मोह होईल. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. त्यातही पायाभूत आणि संकलित चाचण्या होत्याच. थोड्याच काळात शाळांवर 'प्रगत शाळा' असे फलक लागू लागले. मी ज्या भागात होते तिथे पावसाळ्यानंतर भूछत्रे उगवावीत तसे ते उगवले. मला स्वतःला एका वर्षी वरून फोन आला. "बाई, तुमच्या शाळेमुळे आपले केंद्र खाली जातंय. पेपर जरा परत तपासा." परत तपासा याचा अर्थ आमच्या खात्यात सगळ्यांना समजतो. मी परत तपासले, गुण तेवढेच निघाले, आणि तसे कळविले. शेजारच्या गावच्या एका तरुण सहकाऱ्याला असाच फोन गेला होता. त्याचे गुण दुसऱ्या दिवशी वाढलेले होते. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि बदलीची टांगती तलवार आहे. दोष असेल तर ज्या काट्याला बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बांधली त्या काट्याचा आहे. बाजारात मापाला दोरी बांधलेली दिसली तर आपण त्या दुकानातून तूरडाळ घेत नाही; मग अशा मापावर मुलांचे भवितव्य कसे ठरवितो?

आता आमच्या डोंगरपट्ट्यातली गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या, आणि त्यांच्यामध्ये पहिली ते आठवीची मुले. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी मागे राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळावयास मोठी मुलगी हवी म्हणून पुष्कळ जातात. फडापाशी कोपीत चार-पाच महिने काढून ती मार्च-एप्रिलात परततात. पायाभूत चाचणीला ती हजर, संकलित एकच्या सुमारास गाडी भरलेली, संकलित दोनला नुकतीच अंगावरची धूळ झटकून आलेली. प्रश्नपत्रिका पुण्यातल्या मुलाची आणि तिची एकच. समान माप म्हणजे न्याय, असे ज्यांना वाटते त्यांनी तिच्यासाठी समान वर्षही द्यावयास नको काय?

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. चौथीत असूनही जोडाक्षर आले की अडे. 'सूर्य' या शब्दाला ती 'सूरय' म्हणे, 'कृष्ण' वगळून पुढे जाई. पण बापाच्या टोळीचा टनांचा हिशेब ती तोंडी ठेवी, आणि मुकादमाच्या वहीतली चूक तिने एकदा दाखवून दिली होती असे तिची आई सांगे. परतल्यावर सहा आठवडे तिला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसविले. फक्त रफार आणि जोडाक्षरे, दुसरे काही नाही. जूनमध्ये ती वाचू लागली. त्या वर्षीच्या एप्रिलच्या चाचणीत तिला काय गुण पडले ते मला आठवतही नाही, आणि त्या गुणांना तिचे सहा आठवडे ठाऊक नाहीत.

भाषेचा प्रश्न तर मी नुसता हात लावून सोडते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल, भामरागडचे माडिया मूल, धडगावकडचे पावरी बोलणारे मूल, या सगळ्यांना मराठी प्रश्नपत्रिकेत 'गणित' विषयाचे शून्य मिळते तेव्हा ते गणिताचे असते की प्रश्न न समजल्याचे, हे त्या शून्याला विचारून कळत नाही.

राहिली पाचवी-आठवीची परीक्षा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवावयाचे नाही असे ठरविले होते. त्यावर पालकांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती : न शिकताच मूल वर ढकलले जाते. २०१९ साली कायदा बदलला, आणि २०२३-२४ पासून आपल्या राज्यात या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. पस्तीस टक्के गुण हवेत. पडला तर पुरवणी परीक्षा, तीतही पडला तर त्याच वर्गात. मी विचारते, न शिकविता वर ढकलणे हा अन्याय असेल तर न शिकविता तिथेच बसविणे हा न्याय कसा? नापास मुलाला ज्यादा शिकविण्याची तरतूद कायद्यात आहे, हे मला ठाऊक आहे. पण निकाल लागतो एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, लगेच सुट्टी लागते, आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षा. मधले सहा आठवडे आमच्या गावात शाळेला कुलूप आणि विहिरीला तळ. पाच वर्षांत जे आम्हांला शिकविता आले नाही ते त्या दहा वर्षांच्या पोराने उन्हाळ्यात एकट्याने शिकावयाचे? मागे राहिलेल्या मुलीचे पुढे काय होते ते डोंगरपट्ट्यात सर्वांना माहीत आहे. पुढच्या दसऱ्याला ती ट्रकमध्ये बसते, आणि चार-पाच वर्षांनी स्वतःचा कोयता होतो.

आणि वाचकहो, थोडे तुमच्याकडेही पाहते. हा अंक विकत घेऊन वाचणाऱ्या घरांतली बहुतेक नातवंडे विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातात. पॅट तिथे नाही. २०२५ साली सगळ्या शाळांच्या पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल अशा ऐन उन्हात घेण्याचा आदेश निघाला तेव्हा शहरांतूनही ओरड झाली, कारण त्या वेळी झळ आपल्या दारापर्यंत आली होती. मराठवाड्यातली मुले पत्र्याच्या वर्गात घामाने ओल्या झालेल्या कागदांवर संकलित चाचणी सोडवीत होती तेव्हा मात्र त्याची फारशी चर्चा झाली नाही. मोजून घेणे गरिबांच्या वाट्याला आणि शिकणे इतरांच्या, अशी ही वाटणी आहे.

मग सरकारने डोळे मिटून घ्यावेत काय? मुळीच नाही. शीत चेपावे! ते चेपण्याची चांगली रीत आपल्याच देशात आहे. 'प्रथम' ही मुंबईत जन्मलेली संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते : जिल्ह्यातली तीस गावे, गावातली वीस घरे, आणि घराच्या ओट्यावर बसून मुलाला दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचावयास देणे. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना तो वाचता येत नाही, ही कठोर गोष्ट देशाला प्रथम या पाहणीने कळली, पॅटने नव्हे. सरकारची स्वतःची पाहणीही आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या देशभरातल्या सुमारे एकवीस लाख मुलांची 'परख' पाहणी झाली. अशा पाहणीत कोणत्या मास्तराचे नाक वर-खाली होत नाही, म्हणून आकडा सरळ राहतो. फिनलंडसारखा देश शालेय वर्षांत अशा नमुन्यावरच भागवितो आणि त्याचे काही अडलेले नाही.

एका अधिकारीबाईंनी मला यावर चांगला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "ताई, मूल म्हणजे शीत नव्हे. राज्याचा अंदाज नमुन्यावरून येईल, पण एकेक मूल कोण पाहणार?" एकेक मूल पाहावयाचे ते त्याच्या शिक्षकाने, आणि तेवढ्यासाठीच त्याला पगार आहे. चुकांची वही ठेवा म्हणावे, गुणांची नव्हे. "आणि शिक्षकानेच पाहिले नाही तर?" तर त्याच्यावर देखरेख करावयास केंद्रप्रमुख आहे, विस्तार अधिकारी आहे. पूर्वी दिपोटीसाहेब येत. त्यांच्यापुढेही मास्तर हुशार पोरांना पुढच्या रांगेत बसवीत, हे मी विसरलेले नाही. पण चांगला दिपोटी मागच्या रांगेत जाऊन बसे. आज केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार आला, आणि जो आहे तो माहिती भरण्यात गढलेला. माणूस नेमावयास पैसा लागतो. चॅटबॉट स्वस्त पडतो. रॉबर्ट लो याच्या डोक्यातही शिक्षण स्वस्त करावयाचे हेच होते, आणि त्याने ते पार्लमेंटात लपवूनही ठेवले नव्हते.

तेव्हा त्या जागा आधी भरा. भरलेल्या माणसाला महिन्यातून एक दिवस आमच्या वर्गात पाठवा, मोबाईल पिशवीत ठेवून. मागच्या बाकावरची चार मुले त्याने स्वतः निवडावीत, त्यांना दहा ओळी वाचावयास लावावे, ५२ वजा २७ घालावे, आणि कोणाचे काय अडले ते आमच्याच वहीत लिहून जावे. चहा आम्ही देऊ.